स्पिन कोटिंगच्या पुढे: ऑरगॅनिक सोलर सेल पसरवून आणि छापून बनवायची पूर्ण पद्धत

ऑरगॅनिक म्हणजे कार्बनी रेणूंपासून बनलेल्या सोलर सेलवर काम सुरू केलं की जवळपास सगळेच स्पिन कोटरवर सुरुवात करतात, काचेच्या छोट्या तुकड्यावर चार थेंब टाकायचे, फिरवायचं, फिल्म तयार, आणि एफिशियन्सीचा, म्हणजे पडलेल्या प्रकाशातली किती टक्के ऊर्जा वीज होते त्याचा, आकडाही छान येतो. मग कोणीतरी म्हणतं आता हेच तळहाताएवढं मोठं करून दाखवा, आणि तिथं सगळं अडतं, कारण स्पिनची रेसिपी ब्लेडवर (सरकत्या पात्यानं द्रावण पसरवणं) किंवा स्लॉट-डायवर (अरुंद फटीतून द्रावण सोडणं) जशीच्या तशी चालत नाही. इंक (मटेरियलचं द्रावण) तीच, मटेरियल तेच, तरी एफिशियन्सी निम्म्यावर येते. याचं कारण बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतं, फिल्म वाळते कशी त्यात असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ज्याला हे सेल खरोखर मोठे करायचेत त्यानं पहिल्या आठवड्यापासून ब्लेडवर काम करावं, स्पिनचा आकडा फक्त तुलनेसाठी ठेवावा. पुढे जे लिहितोय ते याच क्रमानं आहे, जिथं गोष्टी खरंच बिघडतात तिथं जास्त वेळ थांबणार आहे आणि जिथं सोपं आहे तिथून पटकन पुढे जाणार आहे.

आधी सेलच्या आत काय असतं ते

सिलिकॉनमध्ये प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली धन जागा) जवळपास लगेच मोकळे होतात, ऑरगॅनिक मटेरियलमध्ये तसं होत नाही, तिथं आधी एक्सायटॉन बनतो म्हणजे दोघं एकमेकांना धरून असतात, आणि तो साधारण १० नॅनोमीटर इतकंच अंतर कापू शकतो. तेवढ्यात त्याला डोनर (इलेक्ट्रॉन देणारं मटेरियल) आणि ॲक्सेप्टर (तो घेणारं) यांची सीमा सापडली तर चार्ज सुटतात, नाहीतर ऊर्जा वाया. १९८६ मध्ये कोडॅकमधल्या चिंग टँग यांनी दोन थर एकावर एक ठेवून साधारण १ टक्क्याचा सेल दाखवला होता, पण दोन सपाट थरांमध्ये सीमा एकच असते. १९९५ मध्ये ॲलन हीगर यांच्या ग्रुपनं डोनर आणि ॲक्सेप्टर एकाच द्रावणात मिसळून एकच फिल्म केली, ती वाळताना आतल्या आत दोघं वेगळे होतात आणि सगळ्या जाडीभर सीमा तयार होते, यालाच बल्क हेटरोजंक्शन म्हणतात. म्हणजे या सेलचा जो सगळ्यात महत्त्वाचा भाग, तो आपण थेट बनवत नाही, तो वाळताना आपोआप बनतो. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

थर असे: खाली काच किंवा पीईटी (प्लास्टिक) फिल्म, त्यावर आयटीओ म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड हा पारदर्शक इलेक्ट्रोड, त्यावर इलेक्ट्रॉन गोळा करणारं झिंक ऑक्साइड ३० ते ४० नॅनोमीटर, मग ॲक्टिव्ह लेयर म्हणजे डोनर-ॲक्सेप्टरची मिश्र फिल्म १०० ते २०० नॅनोमीटर, त्यावर होल गोळा करणारा थर म्हणजे पेडॉट-पीएसएस (वीज वाहणारा पॉलिमर) किंवा मॉलिब्डेनम ऑक्साइड, आणि सगळ्यात वर चांदी. याला इन्व्हर्टेड रचना म्हणतात. छपाईसाठी हीच घ्या, कारण याच्या विरुद्ध म्हणजे जुन्या रचनेत वर कॅल्शियम किंवा ॲल्युमिनियम लागतं, ते व्हॅक्यूममध्येच चढवावं लागतं आणि हवेत टिकत नाही, चांदीची पेस्ट मात्र स्क्रीनवरून छापता येते.

मटेरियल कोणतं घ्यायचं

शिकायचं असेल तर पी३एचटी हा डोनर पॉलिमर आणि पीसीबीएम हा ॲक्सेप्टर. एफिशियन्सी ३ ते ४ टक्केच मिळेल, आज त्याला कोणी विचारत नाही हे खरंय, पण हे मिश्रण हवेत पसरवता येतं, जाडी थोडी इकडेतिकडे झाली तरी सांभाळून घेतं, आणि वाळताना रंग बदलतं म्हणून डोळ्यांना दिसतं काय चाललंय. चांगला आकडा हवा असेल तर पीएम६ हा डोनर पॉलिमर आणि वाय६ हा ॲक्सेप्टर, २०१९ मध्ये वाय६ पहिल्यांदा आला तेव्हाच १५.७ टक्के मिळाले होते आणि त्याच घराण्यातले पुढचे रेणू वापरून छोटे सेल आता १९ टक्क्यांच्या वर गेलेत. पण पीएम६ लहरी आहे, दर बॅचला मॉलिक्युलर वेट (पॉलिमरच्या साखळ्यांची लांबी) बदललं की इंकची चिकटाई बदलते आणि आधीची सेटिंग्ज परत बघावी लागतात. एका प्रयोगमालेसाठी लागेल तेवढं सगळं एकाच बॅचमधून घ्या.

सेफ्टी

क्लोरोफॉर्म, क्लोरोबेंझिन, डायक्लोरोबेंझिन हे सगळं फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात. नेहमीचे नायट्राइलचे हातमोजे क्लोरिनवाल्या द्रावकांना फार वेळ थोपवत नाहीत, सांडलं की लगेच बदलायचे. झिंक ऑक्साइडच्या सोल-जेलसाठी (भाजल्यावर ऑक्साइड बनणारं द्रावण) लागणारं २-मेथॉक्सीइथेनॉल प्रजननक्षमतेवर परिणाम करतं, त्यामुळे तेही हूडमध्येच, आणि जमत असेल तर अल्कोहोलमध्ये मिसळलेले झिंक ऑक्साइडचे तयार नॅनोकण घ्या म्हणजे तो प्रश्नच मिटला. ब्लेडवर पसरवताना सब्स्ट्रेट (खालची काच किंवा फिल्म) गरम असतो, वाफ जास्त निघते, म्हणून कोटर हूडच्या बाहेर ठेवून "एकच फिल्म तर करायचीय" असं करू नका.

सब्स्ट्रेट धुणं

साबणाचं पाणी, डीआयोनाइज्ड पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, प्रत्येकात अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १० मिनिटं, नायट्रोजननं वाळवायचं, मग यूव्ही-ओझोनमध्ये १५ मिनिटं. नीट झालंय का ते बघायला काचेवर पाण्याचा थेंब टाका, तो सपाट पसरला पाहिजे, गोल राहिला तर परत धुवा. स्पिनमध्ये एखादा धुळीचा कण असला तर त्याच्यामागे शेपटीसारखी रेघ येते आणि बाकी फिल्म वाचते, ब्लेडमध्ये तोच कण ब्लेडखाली अडकला की शेवटपर्यंत ओरखडा जातो, आणि पुढच्या सब्स्ट्रेटवरही. मोठ्या एरियाला स्वच्छतेचं महत्त्व कितीतरी वाढतं, कारण एक कण म्हणजे एक शॉर्ट आणि मोठा सेल पट्ट्यापट्ट्यांत बनवतात, त्यामुळे एक शॉर्ट म्हणजे अख्खी पट्टी गेली.

झिंक ऑक्साइड

सोल-जेलची नेहमीची रेसिपी म्हणजे १० मिलि २-मेथॉक्सीइथेनॉलमध्ये १ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट आणि ०.२८ ग्रॅम इथेनॉलअमाइन, रात्रभर ढवळायचं, पसरवायचं, आणि काचेवर असेल तर २०० अंशाला भाजायचं. पीईटी १४० अंशाच्या पुढे गेली की आकसते आणि वाकडी होते, त्यामुळे पीईटीवर नॅनोकणच, १२० अंशाच्या आसपास वाळवून. आणखी एक, झिंक ऑक्साइड यूव्ही प्रकाशात आजूबाजूचे सेंद्रिय रेणू तोडतं, वाय६ सारख्या ॲक्सेप्टरना याचा जास्त त्रास होतो, म्हणून दीर्घकाळ टिकवायचं असेल तर टिन ऑक्साइडचे नॅनोकण वापरून बघा किंवा पुढे यूव्ही अडवणारी फिल्म लावा.

इंक बनवणं

पी३एचटी-पीसीबीएमसाठी १:१ किंवा १:०.८, एकूण ४० मिग्रॅ प्रति मिलि क्लोरोबेंझिनमध्ये, ५० ते ६० अंशाला रात्रभर ढवळून. पीएम६-वाय६ साठी १:१.२, स्पिनवर लोक एकूण १६ मिग्रॅ प्रति मिलि क्लोरोफॉर्ममध्ये घेतात, त्यात ॲडिटिव्ह म्हणून ०.५ टक्का क्लोरोनॅप्थलीन. पण इथेच थांबा, कारण क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतं. स्पिनवर ते चांगलं वाटतं, फिल्म काही सेकंदात वाळते आणि डोनर-ॲक्सेप्टरला फार लांब पळायला वेळच मिळत नाही. ब्लेडवर किंवा स्लॉट-डायवर मात्र ते ब्लेडखालच्या इंकमधूनच उडायला लागतं, म्हणजे पहिल्या सेंटीमीटरला इंक पातळ आणि दहाव्याला घट्ट, जाडी सरकत जाते, आणि स्लॉट-डायच्या ओठांवर पॉलिमरची साय जमते. म्हणून पसरवायच्या पद्धतींसाठी ऑर्थो-झायलीन घ्या, ते १४४ अंशाला उकळतं, क्लोरिन नाही, हाताळायलाही तुलनेनं बरं. टोल्युइन ११० अंशाच्या आसपास उकळतं, तेही चालतं.

झायलीनची अडचण अशी की पीएम६ त्यात थंड झालं की गोळा होतं, इंक जेलीसारखी घट्ट होते. मग फक्त बाटली गरम ठेवून भागत नाही, सिरिंज, नळी, डाय, सब्स्ट्रेट सगळं गरम लागतं, ६० ते ८० अंश, एक जरी जागा थंड राहिली तरी तिथं कण तयार होतात आणि पुढे फिल्ममध्ये ठिपके दिसतात. पीएम६ची गरम इंक फिल्टर करायचीच असेल तर फिल्टरही गरम करून घ्या, थंड फिल्टरमध्ये पॉलिमर अडकून राहतो आणि तुम्ही मोजून घातलेलं प्रमाण बदलतं, ते कळतही नाही. पेडॉट-पीएसएस मात्र ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलीच पाहिजे.

जाडीचं गणित

ओल्या फिल्ममधून द्रावक उडून गेलं की उरतो तो फक्त घन भाग. म्हणजे सुकी जाडी बरोबर ओली जाडी गुणिले इंकमधलं घन भागाचं प्रमाण भागिले सुक्या मटेरियलची घनता. उदाहरण घेऊ, सुकी जाडी १०० नॅनोमीटर हवीय, इंक २० मिग्रॅ प्रति मिलि आहे, सुक्या फिल्मची घनता १.२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली तर १२०० भागिले २० म्हणजे ६० पट, म्हणून ओली फिल्म ६ मायक्रॉन. इंक ६ मिग्रॅ प्रति मिलि केली तर २० मायक्रॉन ओली लागेल. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा कारण पुढचा प्रत्येक निर्णय इथूनच निघतो.

स्पिनवर हे गणित लागू होत नाही, तिथं बहुतेक इंक उडून भिंतीवर जाते, ९० टक्क्यांहून जास्त वाया, आणि जाडी फिरण्याच्या वेगाच्या वर्गमुळानं कमी होते, म्हणजे वेग चौपट केला की जाडी निम्मी. स्पिनबद्दल एवढंच.

ब्लेड कोटिंग

गरम प्लेट, तिच्यावर सब्स्ट्रेट, वर १०० ते ३०० मायक्रॉनची फट ठेवून एक ब्लेड, आणि ब्लेड सरकवणारी मोटर, एवढंच साहित्य. एक गैरसमज आधीच काढून टाकतो: फट २०० मायक्रॉन ठेवली म्हणजे ओली फिल्म २०० मायक्रॉन होत नाही. घट्ट इंक असेल तर फटीच्या साधारण निम्मी होते, पण आपली इंक पाण्यासारखी पातळ असते, तिथं ब्लेडमागच्या इंकचा वक्र, म्हणजे मेनिस्कस, जाडी ठरवतो आणि तो ठरतो वेगावर. वेग वाढवला की जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घातानं वाढते, वेग दुप्पट केला तर जाडी सुमारे १.६ पट. अगदी हळू चालवलं तर मात्र उलटं होतं, इंक मेनिस्कसमध्येच वाळते आणि जितकं हळू तितकी जाड फिल्म. या हळू भागात काम करू नका, फिल्मवर आडव्या पट्ट्या येतात.

करायचं असं. सब्स्ट्रेट प्लेटवर ठेवा, पाच मिनिटं तापमान स्थिर होऊ द्या, काच जाड असते आणि प्लेटवरचा आकडा म्हणजे काचेचा पृष्ठभाग नव्हे. ब्लेड खाली आणा, फट फीलर गेजनं दोन्ही टोकांना तपासा, कारण एक टोक वर राहिलं तर फिल्म एका बाजूला जाड होणार. मायक्रोपिपेटनं ब्लेडच्या लांबीभर इंक एकसारखी सोडा, ती केशिकेच्या जोरावर स्वतःच फटीत ओढली जाते, पूर्ण रेषा भरलेली दिसली की लगेच मोटर चालू करा. सुरुवातीला १० मिलिमीटर प्रति सेकंद, मग ५, २०, ३० असं चार-पाच वेगांवर करा, प्रत्येकाची जाडी प्रोफाइलोमीटरवर मोजा आणि आलेख काढा. तो आलेख हाच तुमच्या इंकचा खरा ओळखपत्र आहे, इंक बदलली की नवीन आलेख.

पी३एचटी वापरत असाल तर डोळे फिल्मवरच ठेवा. ओली असताना ती नारिंगी दिसते, मग कडेकडून एक रेषा आत सरकत येते आणि तिच्यामागे रंग गडद जांभळा होत जातो, म्हणजे साखळ्या एकमेकींना लागून रचल्या जातायत. ती रेषा सरळ आणि सावकाश सरकली तर फिल्म चांगली. ती मध्येच थांबली, फाटली किंवा बेटं बेटं करून जांभळं झालं तर वाळणं असमान आहे, प्लेट सपाट आहे का, हूडचा वारा थेट लागतोय का ते बघा. पीएम६-वाय६ मध्ये रंगाचा बदल इतका ठळक नसतो, तिथं दिव्याचं प्रतिबिंब फिल्मवर बघायचं, ओली असताना ते चकाकतं आणि वाळली की एकदम बदलतं, तोच क्षण स्टॉपवॉचवर घ्यायचा.

वाळवणं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक रेसिपींमध्ये यावर फक्त एक ओळ असते. एक्सायटॉन १० नॅनोमीटरच जाणार म्हणजे डोनर-ॲक्सेप्टरचे प्रदेशही साधारण १० ते २० नॅनोमीटरचे हवेत. फिल्म हळू वाळली तर ते शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत वाढतात आणि करंट पडतो, फार पटकन वाळली तर सगळं एकत्रच अडकून राहतं, चार्ज बाहेर जायला वाट मिळत नाही आणि फिल फॅक्टर (करंट-व्होल्टेजचा आलेख किती चौकोनी आहे तो आकडा) पडतो. म्हणून वाळायचा वेळ हा तापमान किंवा वेगाइतकाच नोंदवायचा आकडा आहे. स्पिनवर तो काही सेकंद असतो, ब्लेडवर झायलीनसोबत थंड प्लेटवर मिनिटाच्या वर जाऊ शकतो, आणि तिथंच सगळी एफिशियन्सी हरवते.

वेळ कमी करायचे दोन मार्ग. एक, प्लेट गरम करायची, ६० ते ८० अंश. दुसरा, ब्लेडच्या मागे नायट्रोजनचा किंवा हवेचा एअर नाइफ, म्हणजे पातळ सपाट झोत. मला दुसरा जास्त आवडतो कारण इंकचं तापमान आणि वाळण्याचा वेग एकमेकांपासून सोडवता येतात. झोत तिरका, ब्लेडपासून दूर जाईल असा लावायचा आणि सुरुवातीला इतका हलका की ओल्या फिल्मवर लाटा दिसणार नाहीत, लाटा दिसल्या की त्या वाळून तशाच राहतात.

ॲडिटिव्हबद्दल सावध राहा. डायआयोडोऑक्टेन किंवा क्लोरोनॅप्थलीन अर्धा-एक टक्का घातलं की ते शेवटपर्यंत फिल्ममध्ये राहतं आणि ॲक्सेप्टरला नीट रचायला वेळ देतं, स्पिनवर मस्त चालतं. मोठ्या फिल्ममध्ये ते बाहेर काढणं अवघड जातं, डायआयोडोऑक्टेन उरलं तर प्रकाशात फिल्म लवकर खराब होते. आधी ॲडिटिव्हशिवाय तापमान आणि झोत यांनी जमतंय का बघा, मगच घाला. शेवटी ॲनिलिंग, म्हणजे वाळलेली फिल्म परत गरम करणं: पी३एचटीला ११० ते १५० अंश १० मिनिटं, पीएम६-वाय६ ला ९० ते ११० अंश ५ मिनिटं.

स्लॉट-डाय

रोलवर जायचं असेल तर शेवटी इथंच यावं लागतं. पंप डायमध्ये इंक ढकलतो, डायच्या दोन ओठांमधल्या अरुंद फटीतून ती एकसारखी बाहेर येते आणि खाली फिल्म पुढे सरकत असते. इथं ब्लेडसारखा अंदाज नाही, जेवढी ढकलली तेवढीच फिल्मवर जाते, म्हणजे ओली जाडी बरोबर पंपाचा प्रवाह भागिले (रुंदी गुणिले वेग). वरचंच उदाहरण, ६ मायक्रॉन ओली हवी, रुंदी ५ सेंटीमीटर, वेग मिनिटाला १ मीटर, तर प्रवाह मिनिटाला ०.३ मिलि. पेपरवर झालं सोपं. प्रत्यक्षात ६ मायक्रॉन इतकी पातळ ओली फिल्म स्थिर ठेवणं कठीण आहे, कारण दिलेल्या फटीला आणि वेगाला एक किमान ओली जाडी असते, तिच्याखाली गेलं की मेनिस्कस तुटतो आणि फिल्मऐवजी उभे पट्टे उमटतात. लोक अशावेळी वेग वाढवून बघतात आणि गोष्ट आणखी बिघडते. योग्य उपाय म्हणजे डाय आणि सब्स्ट्रेटमधली फट कमी करणं, किंवा इंक पातळ करून प्रवाह वाढवणं, २० मायक्रॉन ओली चालवणं कितीतरी सोपं. फक्त मग वाळवायला द्रावक तिप्पट असतं, ते ओव्हनच्या लांबीत धरायला विसरू नका.

सुरुवात करताना डाय आधी पूर्ण भरून घ्या, ओठांवर इंकची रेषा सलग दिसली पाहिजे, एकही बुडबुडा नको, बुडबुडा असेल तर फिल्ममध्ये ठराविक अंतरानं मोकळी जागा येत राहील. डाय जवळ आणा, मेनिस्कस खाली टेकू द्या, मग फिल्म चालू. शिम म्हणजे पातळ पत्रा वापरून डायची फट मध्येमध्ये बंद केली की एकाच फेरीत बाजूबाजूला पट्टे पडतात, मॉड्यूलला म्हणजे अनेक पट्ट्या जोडून केलेल्या सेलला हेच हवं असतं. आणि याची खरी गंमत म्हणजे फिल्म चालू असताना पंपाचा वेग हळूहळू बदलत नेला तर एकाच लांब पट्टीवर ५० पासून ३०० नॅनोमीटरपर्यंत सगळ्या जाड्या मिळतात, दोन पंप लावले, एकात डोनर एकात ॲक्सेप्टर, तर प्रमाणही बदलत नेता येतं. स्पिनवर ज्यासाठी ढीगभर काचा लागतील ते एका पट्टीत होतं.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात फ्रेडरिक क्रेब्स यांच्या ग्रुपनं २००९ मध्ये हीच साखळी हवेत चालवून दाखवली होती, पीईटीवरचा आयटीओ, त्यावर झिंक ऑक्साइड, पी३एचटी-पीसीबीएम आणि पेडॉट-पीएसएस हे तिन्ही स्लॉट-डायनं, आणि चांदी स्क्रीन प्रिंटिंगनं. आजही नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी हाच क्रम सुचवतो.

बाकीच्या पद्धती, थोडक्यात

कोटिंग आणि प्रिंटिंगमधला फरक एवढाच की कोटिंगमध्ये सलग थर किंवा पट्टे मिळतात, प्रिंटिंगमध्ये हवा तो आकार. ग्रॅव्ह्यूर (कोरलेल्या सिलिंडरनं छपाई) आणि फ्लेक्सो (लवचिक उठावदार प्लेटनं छपाई) फार वेगात चालतात पण सिलिंडर किंवा प्लेट बनवल्यावर आकार बदलता येत नाही आणि इंक बरीच लागते, संशोधनाच्या टप्प्यावर मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. स्क्रीन प्रिंटिंगला घट्ट पेस्ट लागते, ॲक्टिव्ह लेयरला ते सहसा जमत नाही, चांदीला आणि जाड पेडॉटला उत्तम. स्प्रे सोपा आहे, वाकड्या पृष्ठभागावरही जमतो, पण थेंबांच्या कडा फिल्ममध्ये राहतात आणि खडबडीतपणा येतो.

इंकजेटमध्ये कुठलाही आकार छापता येतो आणि इंक जवळजवळ वाया जात नाही, म्हणून त्याचं आकर्षण खूप. पण नोझल काही दशक मायक्रॉनचं, इंक साधारण १ ते २० मिलिपास्कल-सेकंद इतकीच घट्ट चालते, आणि नोझलच्या तोंडाशी इंक वाळली की ते बंद, म्हणून जास्त उत्कलनबिंदूचं द्रावक लागतं. मग थेंब वाळताना घन भाग कडेला ओढला जातो, कॉफीच्या डागाला जशी गडद कड असते तसं. त्यावर उपाय म्हणजे दोन द्रावकांचं मिश्रण, एक लवकर उडणारं, एक उशिरा, असं निवडायचं की पृष्ठताणातल्या फरकामुळे इंक कडेकडून परत मध्ये वाहील.

वरचा थर आणि चांदी

ॲक्टिव्ह लेयरला पाणी चिकटत नाही आणि पेडॉट-पीएसएस पाण्यात असते, त्यामुळे सरळ पसरवली की थेंब थेंब होऊन गोळा होते. आयसोप्रोपेनॉल मिसळून पातळ करा किंवा थोडं सर्फॅक्टंट, म्हणजे द्रावण पृष्ठभागावर पसरायला मदत करणारं रसायन, घाला, आणि पसरवल्यावर लगेच गरम प्लेटवर न्या म्हणजे गोळा व्हायला वेळ मिळत नाही. वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी लावून ओढून बघा, थर निघून आला तर सेलही वाकवल्यावर तिथंच सुटणार आहे. चांदीच्या पेस्टमधलं द्रावक खाली झिरपून ॲक्टिव्ह लेयर विरघळवू शकतं, हा शॉर्टचा फार कॉमन प्रकार आहे, म्हणून पेडॉट जाड ठेवा आणि पेस्ट छापल्याबरोबर वाळवा.

पट्ट्या किती रुंद

आयटीओचा रोध मोठ्या सेलचा गळा धरतो. वाय६ सारखा सेल चौरस सेंटीमीटरला २५ मिलिॲम्पिअर देतो, काचेवरच्या आयटीओचा शीट रेझिस्टन्स १५ ओहम धरला आणि पट्टी १ सेंटीमीटर रुंद असली तर टोकापर्यंत व्होल्टेज साधारण ०.१९ व्होल्टनं पडतं, सेलच मुळात ०.८४ व्होल्टच्या आसपास देतो. रुंदी ५ मिलिमीटर केली तर घट चौथ्या भागावर येते, ०.०५ व्होल्टहून कमी. पीईटीवरचा आयटीओ ५० ओहमचा असतो, तिथं १ सेंटीमीटरची पट्टी म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश व्होल्टेज रस्त्यातच गेलं. दुसऱ्या बाजूला पट्ट्या अरुंद केल्या की मधली मृत जागा वाढते, ५ मिलिमीटरच्या पट्टीमागे २ मिलिमीटर मोकळी असेल तर ७१ टक्केच एरिया काम करतो. हातानं पट्टे जुळवत असाल तर हे सहन करावं लागतं, लेझरनं ओरखडे काढले तर मृत जागा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणता येते.

मोजताना

प्रकाश एएम १.५जी (प्रमाण मानलेला सूर्यप्रकाश), १०० मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर, आणि सेलवर मास्क हवाच, मास्क नसला तर बाजूच्या भागातून आलेला करंट तुमच्या एरियात मोजला जातो आणि आकडा फुगतो. करंट-व्होल्टेजचा आलेख तिरका सरळ रेषेसारखा दिसला तर शॉर्ट, कण किंवा भोक शोधा. एस आकार आला तर थरांच्या सीमेवर अडथळा आहे, झिंक ऑक्साइडला थोडा वेळ यूव्ही दाखवून परत मोजा, सुधारला तर दोष तिथंच, नाही तर पेडॉटकडे वळा. व्होल्टेज ठीक, फिल फॅक्टर ठीक, फक्त करंट कमी असेल तर फिल्म पातळ आहे. जाडी बरोबर असूनही करंट कमी असेल तर वाळवण्याकडे परत जा.

पॅक करणं

ऑक्सिजन आणि ओलावा दोन्ही अडवायला हवेत. काचेच्या सेलवर दुसरी काच, कडेनं यूव्हीवर घट्ट होणारं इपॉक्सी, आणि सेलच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत शक्य तेवढी जास्त जागा, कारण ओलावा कडेनंच आत येतो. इपॉक्सी घट्ट करायला यूव्ही दिवा लावताना सेलचा भाग झाकून फक्त कडा उघड्या ठेवा. पीईटीवर असाल तर बहुथरी बॅरियर फिल्म घ्या आणि चिकटवण्याआधी तीही ओव्हनमध्ये वाळवा, तिच्या आतलं पाणी नाहीतर सीलबंद होऊन सेलमध्येच राहतं. चांदीच्या तारा जिथून बाहेर येतात ती जागा दोनदा तपासा, गळती बहुतेक तिथूनच. टिकाऊपणा मोजायला २०११ मध्ये ठरलेले आयसॉस प्रोटोकॉल आहेत, प्रत्येक बॅचचे काही सेल अंधारात आणि काही सतत प्रकाशात ठेवा, एफिशियन्सी सुरुवातीच्या ८० टक्क्यांवर यायला किती तास लागले ते लिहा आणि त्याच ओळीत त्या बॅचचं द्रावक, प्लेटचं तापमान आणि वाळायला लागलेले सेकंदही लिहा.